झाकलेला पदर

घोटावडे, ता. मुळशी
रविवार, ५ जुलै २००९

चि. शैलेश यास,

अनेक आशीर्वाद. तुझं अंतर्देशीय पत्र मिळालं. पोस्टमनने ते देण्याआधी उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "सर, आता बी कोन पत्रं लिवतं व्हय?" मी म्हटलं, संगणक अभियंते लिहितात. त्याला तो विनोद वाटला, आणि मीही तो तसाच राहू दिला.

पत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या सहा चुका आहेत. लाल खुणा करून परत पाठवणार होतो, पण नोकरी गेलेल्या माणसाला निदान सहा महिने तरी शुद्धलेखनातून सूट असावी, असं ठरवलं. ती मुदत संपत आली आहे, हे ध्यानात ठेव. हिंजवडीतल्या काचेच्या इमारतीतून उचलून तुला थेट अकोल्याच्या उन्हात नेऊन ठेवलं, याचं मला वाईट वाटतं. मंदी हा शब्द आम्ही शाळेत मंद मुलांसाठी वापरत होतो. तो हुशार मुलांनाही लागू होतो, हे यंदा कळलं.

आता इकडची हालहवाल. तू गेल्यावर शनिवारचा संगणकाचा वर्ग बंद पडेल, अशी माझी खात्री होती. तो पडला नाही, त्याला कारण उत्कर्षा. पोरगी यंदा दहावीला आहे. आठवीच्या मुलांपुढे उभी राहून तुझ्यासारखीच डाव्या हाताने केस मागे सारते आणि म्हणते, "आधी माउस सोडा, मंग ऐका." पहिल्या शनिवारी दोनच मुली आल्या. संस्कृतात द्विवचन आहे, मराठीत नाही, त्यामुळे दोन मुलींच्या वर्गाला काय म्हणावं ते मराठीत सांगता येत नाही, असं मी म्हटलं. कोणी हसलं नाही. पुढच्या शनिवारी चौदा आल्या. मी बहुवचनावर आलो.

दान आलेल्या अकरा संगणकांपैकी सहा चालतात. सातवा चालत होता, पण त्याच्या उंदराची वायर दुसऱ्या, खऱ्या उंदराने कुरतडली. शिपाई चंद्रकांतने तिला चिकटपट्टी लावली आहे. आता तो बाण पडद्यावर फक्त वर-खाली जातो. आडवा जात नाही. स्वभाव म्हणून मी तो स्वीकारला आहे.

तू लिहितोस की घरी बसून हात शिवशिवतात, म्हणून दिवाळीपर्यंत मराठी सीडीची दुसरी आवृत्ती करायची आहे. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरचं नवं रूप आलंय, त्यात मेनूचे मराठी शब्द पुन्हा भरावे लागतील, दुरुस्त्या सप्टेंबरअखेर हव्यात. चांगलं आहे, कर. मुळशीतल्या अकरा शाळांनी पहिली सीडी घेतली होती, दुसरीही घेतील. शब्दांत बदल हवा का, असं विचारतोस. माझ्याकडे तशी तक्रार आलेली नाही. शब्द आहेत तेच असू देत. त्यांच्यामागे विचार आहे.

काकूंना काही नवे शब्द सुचले असतील तर आवर्जून पाठवा, असं तू एकाच पत्रात दोनदा लिहिलं आहेस. तिच्याकडून नवं काही आलेलं नाही. तेव्हा त्यासाठी थांबू नकोस.

आईवडिलांना नमस्कार सांग.

तुझा,
वि. भि. गोडांबे
एम. ए. (संस्कृत)

ता. क. तू निघताना तिने नाचणीच्या लाडवांचा जो स्टीलचा डबा दिला होता, तो कोणाबरोबर तरी परत पाठवतो म्हणतोस. पाठवू नकोस. राहू दे तुझ्याकडेच.


घोटावडे
रविवार, १६ ऑगस्ट २००९

चि. शैलेश,

आशीर्वाद. तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा शाळा बंद होती आणि अजूनही आहे. पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली आणि इथे ज्याला त्याला तोंड झाकायची घाई झाली. औषधाच्या दुकानात मास्क संपले, तेव्हा चंद्रकांतने धोतराच्या फडक्याचे चार शिवून आणले. एक मला दिला. तो लावून मी आरशात पाहिलं, तर गेली तीस वर्षं मुलांना जे हवं होतं ते अखेर झालं होतं. सरांचं तोंड बंद होतं.

तू विचारलंस, काकूंचा फोन बंद का लागतो. त्या माहेरी गेल्यात का? रागावल्यात का? तो नंबर आता चालू नाही. बाकीच्यावर सवडीने लिहीन. आज मला वेगळंच काही आठवतंय, ते आधी लिहू दे.

तुझा पहिला शनिवार आठव. दोन हजार सातचा जुलै. हिंजवडीहून मोटरसायकलवर आलास तो ओलाचिंब, आणि ओल्याच हाताने संगणक सुरू करायला निघालास. शिपाई रजेवर होता, म्हणून चहा घेऊन तुझी काकू, शारदा, आली होती. कपबश्या ठेवून तिने निघायला हवं होतं. ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. तू मुलांना सांगत होतास की हे सॉफ्टवेअर मुक्त आहे, कोणीही घ्यावं, वाटावं, बदलावं. मागून एक पोरगं म्हणालं, "फुकाट हाय म्हंजी भंगारच असंल." तू गडबडलास. परवाना, स्वातंत्र्य, असलं काहीतरी इंग्रजीत बोलायला लागलास. तेव्हा भिंतीजवळून आवाज आला, "आरं, इरजणावानी हाय त्ये. शेजारनीला दिलं म्हून आपलं कमी होतंय का? तिनं तिच्या दुधात लावायचं, आन् म्होरं आनखी कुनाला द्यायचं."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी खिडकीबाहेर पाहिलं. खरं सांगायचं तर मला लाज वाटली होती. विरजणाची नाही, 'इरजणावानी'ची.

मग तू वळणदार रेघ काढायला गेलास आणि ती दर वेळी वेडीवाकडी झाली. ती पुढे आली. म्हणाली, "लेका, आधी ठिपके ठेव की. रेघ ठिपक्याला धरून चालती." तू तिला खुर्चीवर बसवलंस. तिने माउस रांगोळी चिमटीत धरतात तसा दोन बोटांत धरला, आणि पडद्यावर सात ते एक ठिपक्यांची कमळाची रांगोळी काढली. ती उठेपर्यंत चहा गार झाला होता. पुढच्या शनिवारी तू तिच्यासाठी वेगळा संगणक राखून ठेवलास. वर्गात मुलांसमोर मी तिला 'अहो गोडांबेबाई' म्हणत असे. ती मला घरीदारी 'सर'च म्हणायची, त्यामुळे तिला काही बदलावं लागलं नाही.

आणि मग ते शब्द. तूच एका कागदावर दोन रकाने आखलेस. डावीकडे सरांचे शब्द, उजवीकडे काकूंचे. दोन्हींतून निवडू म्हणालास. माझा रकाना मला अजून पाठ आहे. लेअर म्हणजे स्तर. ग्रुप म्हणजे समूहीकरण. अलाइन म्हणजे संरेखन. डुप्लिकेट म्हणजे प्रतिकृती. अन्डू म्हणजे पूर्वस्थितिप्रत्यानयन. हा शेवटचा शब्द मेनूत मावेना, तेव्हा तू अक्षर बारीक करायला तयार झालास, शब्द बदलायला सांगायचं धाडस तुला झालं नाही.

तिचा रकाना असा होता. लेअर म्हणजे पदर, कांद्याचा असतो तसा. ग्रुप म्हणजे मोळी. मोळी बांध, मोळी सोड. अलाइन म्हणजे दोरीत लाव, आवणीला भाताची रोपं लावतात तसं. डुप्लिकेट म्हणजे जुळं. अन्डू म्हणजे माघारी. मी तिला म्हटलं, मेनूत 'जुळं कर' असं आलं तर लोक काय म्हणतील? ती म्हणाली, "म्हनतील, दोन झाली."

सीडी झाली ती माझ्या शब्दांची. तिनेच माघार घेतली होती, 'माझं राहू द्या, सरांचंच घाला' असं म्हणाली होती, हे मी तुला तेव्हा सांगितलं होतं. तुला आठवत असेल.

एक गोष्ट मात्र तुला कळवायला हवी, कारण तू शब्द जड जातात का असं विचारलं होतंस. मुलांना माझे शब्द अजिबात जड जात नाहीत, कारण मुलं ते वापरतच नाहीत. पडद्यावर 'समूहीकरण' दिसतं आणि उत्कर्षा म्हणते, मोळी बांधा. सगळे मोळी बांधतात. 'पूर्वस्थितिप्रत्यानयन' दिसतं आणि वर्गभर 'माघारी, माघारी' सुरू होतं, बैलगाडी खड्ड्यात गेल्यासारखं. नवी आठवीची मुलं, ज्यांनी शारदाला वर्गात कधी पाहिलंही नाही, ती म्हणतात. माझं मराठी वाचून तिच्या मराठीत भाषांतर करतात.

पत्र लांबलं. चहा उतू गेला. हल्ली मीच ठेवतो, त्यामुळे रोजच जातो.

तुझा,
गोडांबे सर


घोटावडे
सोमवार, १४ सप्टेंबर २००९

शैलेश,

परवा अविधवा नवमी झाली. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी असतं. एक सवाष्ण जेवायला बोलावतात. उत्कर्षाची आई आली होती. खिरीत साखर कमी पडली, पण तिने तसं म्हटलं नाही.

शारदा एप्रिलच्या अकरा तारखेला गेली. हे वाक्य मी पाच महिने लिहिलेलं नाही. पहिल्या पत्रात तिच्याकडून नवं काही आलं नाही असं लिहिलं, आणि ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं. दुसऱ्या पत्रात नंबर चालू नाही असं लिहिलं, आणि तेही. माझ्या शिक्षणाचा असा उपयोग होईल असं मला शिकवणाऱ्यांना वाटलं नसेल.

तिचं पोट दिवाळीपासून दुखत होतं. "पित्त असंल," म्हणायची आणि आमसूल चोखायची. तू फेब्रुवारीत निघालास तेव्हा लाडू वळताना ती दोनदा बसली, ते मी पाहिलं. मार्चमध्ये पुण्याला दाखवलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं तेव्हाच कळलं. पुढे पाच आठवडे. शेवटी फार त्रास झाला नाही, असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो.

तुला कळवलं नाही, त्याला कारण तुझा पत्ता नव्हता हे नाही. पत्ता तिनेच लिहून ठेवला होता, कॅलेंडरच्या मागे. मी कळवलं असतं, तर तू आला असतास, चार दिवस राहिला असतास, आणि कधीतरी विचारलं असतंस की काकूंच्या त्या शब्दांचं काय झालं. त्या प्रश्नाची मला भीती होती. म्हणून तुला तुझ्या काकूच्या दहाव्याला येऊ दिलं नाही. आता लिहितो.

तिने माघार घेतली नव्हती.

'माझं राहू द्या, सरांचंच घाला' हे वाक्य तिने कधीही म्हटलं नाही. ते मी रचलं. बारकाईने पाहिलं असतंस तर कळलं असतं, त्यात एकही 'हाय' नव्हतं.

झालं असं. तू दोन रकाने आखलेस, त्यानंतर तिने उत्कर्षाच्या जुन्या वहीची कोरी पानं घेऊन सगळा मेनू बसून लिहून काढला. एकशे बारा शब्द. सप्टेंबरात, गेल्या वर्षी, ती वही तिने माझ्या टेबलावर आणून ठेवली. म्हणाली, "सर, तपासून द्या. मंग शैलेशला द्यायची." मी म्हटलं, ठेव. वही कपाटात ठेवली आणि उघडली नाही. आठवड्याने तिने विचारलं, "तपासली का वही?" मी म्हटलं, तपासतोय. आणखी आठवड्याने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, घाई आहे का? मग तुला माझा रकाना पाठवला, आणि त्याखाली ते वाक्य.

का केलं, ते सांगायला मला वेळ लागेल, पण सांगतो. तुला वाटतं मी जन्मतः असाच बोलतो. माझे वडील भिकाजी गोडांबे दुसऱ्याच्या भातात आवणीला जायचे, आणि मी नऊ वर्षांचा होईपर्यंत माझ्या तोंडात 'आहे' हा शब्द नव्हता. वाईला संस्कृत शिकायला गेलो. पहिल्या दिवशी गुरुजींनी नाव विचारलं, मी म्हटलं, "इस्राम हाय." वर्ग हसला. त्यानंतर मी तसं बोललो नाही. घरीसुद्धा नाही. आई मरताना मी तिच्याशी प्रमाण मराठीत बोललो, आणि ती माझ्याकडे मास्तरांकडे पाहावं तसं पाहत होती. सीडीच्या उद्घाटनाला तालुक्याचे साहेब येणार, पुण्याहून प्राध्यापक येणार, आणि पडद्यावर 'मोळी सोड' दिसणार. मला वर्ग हसताना ऐकू आला. एवढंच कारण आहे. मोठं काही नाही.

उद्घाटनाला ती दुसऱ्या रांगेत होती, निळी नऊवारी नेसून. तू पडद्यावर मेनू उघडलास. ती वाचू लागली. सातवी झालेली बाई, बोट न लावता वाचायची, पण त्या दिवशी तिचं बोट मांडीवर हलताना मी पाहिलं. एक एक शब्द. मग खाली 'मराठी शब्द: वि. भि. गोडांबे'. टाळ्या झाल्या. घरी येताना रस्त्यात ती इतकंच म्हणाली, "शुद्ध आलंय समदं."

त्यानंतर ती वर्गात चहा घेऊन यायची आणि परत जायची. एकदाच बसली, सीडीचं वेष्टण पुरं करायला. चित्र तिचंच होतं, तुला माहीत आहे. भाताच्या लोंबीची वेल, आत ठिपके. ते छापायला मीच पुण्याला नेलं. त्यावर माझं एकट्याचं नाव होतं. ते पाहून मला काय वाटलं ते लिहितो, कारण पुन्हा लिहिण्याचं बळ नसेल. मला सुटल्यासारखं वाटलं. बघ, तिलाही हेच हवं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. तुला सांगितलेली थाप तिने स्वतःच्या हाताने खरी केली, असं समजून मी अकरा शाळांना ती वेष्टणं वाटली. छापखान्यातल्या माणसाने विचारलं होतं, "सर, नावाखाली हितं जागा मोकळी का सोडली? वेल उगाच वळलीय." मी म्हटलं, सौंदर्यदृष्टी.

गेल्या शनिवारी शाळा उघडल्यावर मी उत्कर्षाला म्हटलं, शैलेशदादाला नव्या आवृत्तीसाठी वेष्टणाची फाइल पाठवायची आहे, काढ. तिने काढली. मी मागे उभा होतो. ती बाजूची यादी पाहत होती. मग म्हणाली, "सर, हितं एक पदर झाकल्याला हाय."

मी सवयीने म्हटलं, "स्तर."

"व्हय, स्तर," ती म्हणाली. "उघडू का पदर?"

शारदाने प्रत्येक पदराला नाव दिलं होतं. ठिपके. वेल. सरांचं नाव. आणि सगळ्यांत खाली, ज्याच्यापुढचं डोळ्याचं चिन्ह मिटलेलं होतं तो, तिच्या शब्दांत 'माझं नाव'. उत्कर्षाने त्या डोळ्यावर टिचकी मारली. वेल जिथे वळली होती तिथे, माझ्या नावाखाली, तेवढ्याच आकाराचं 'शारदा' उमटलं. मग ती वेल उगाच वळलेली राहिली नाही.

व्याकरणात आम्ही लोप शिकवतो. अक्षर दिसेनासं होतं, पण त्याने शेजारच्या अक्षरात घडवलेला बदल तसाच राहतो, आणि त्यावरून जाणकाराला कळतं की इथे कोणीतरी होतं. तीस वर्षं शिकवतोय. अकरा शाळांत ती वेल वाटली आणि मला कळलं नाही.

तिला पुसता येत होतं, शैलेश. पुसणं तू तिसऱ्याच शनिवारी शिकवलं होतंस. तिने पुसलं नाही, नुसतं झाकलं. सीडीवर माझं एकट्याचं नाव आलं, तर वेष्टणावर दोन नावं कशी शोभतील, लोक सरांना विचारतील, म्हणून. मी उघडा पडू नये म्हणून तिने स्वतःला झाकलं. उत्कर्षाला काही कळलं असावं. ती उठून पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

आणखी एक राहिलं. पुण्याला इस्पितळात, शेवटच्या आठवड्यात, तिने पुन्हा विचारलं, "सर, वही तपासली का?" मी म्हटलं, हो, तपासली. "किती मार्क?" मी म्हटलं, पैकीच्या पैकी. ती हसली. हसताना तिला दुखायचं, तरी हसली. म्हणाली, "मंग लाल पेन कुटं गेलं सरांचं?" आणि माझा हात धरून झोपली. तिला सगळं माहीत होतं. मी तेव्हाही बोललो नाही.

शनिवारी घरी येऊन कपाट उघडलं आणि वही पहिल्यांदा वाचली. ती या पत्रासोबत रजिस्टरने पाठवतोय. झेरॉक्स नाही, वहीच. तपासलेली नाही. एकही लाल खूण केलेली नाही. ऱ्हस्व-दीर्घ आहेत तसे घाल. 'पूर्वस्थितिप्रत्यानयन' काढ, तिथे 'माघारी' घाल. 'जुळं' घाल, 'मोळी' घाल, 'दोरीत लाव' घाल. कोणी हसलं तर मी इथे आहे. 'मराठी शब्द' असं जिथे येतं, तिथे 'शारदा विश्राम गोडांबे' असं लिही. वेष्टणावरचं माझं नाव पुसून टाक असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं आहे, तुला दिसेल. पुसू नकोस. झाक. वेल वळलेली राहू दे.

फक्त एक. वहीत सत्तेचाळिसावा शब्द बघ. सेव्ह. तिथे तिने आपला शब्द लिहिलेला नाही. लिहिलंय, 'जतन. हा सरांचा हाय, त्यांचं नाव टाकावं.'

एकशे बारांत तेवढा एक माझा, आणि तिथे तिने माझं नाव सांगितलंय. तो शब्द तिने ठेवला म्हणून राहू दे. नाव टाकू नकोस.

सप्टेंबरअखेरची तुझी मुदत मी पाळली, एवढंच आज माझ्याकडे सांगण्यासारखं आहे. दिवाळीत जमलं तर ये. डबा घेऊन ये. रिकामा आण, मी काही भरून देऊ शकणार नाही, पण वही सोडली तर तिच्या हातची ती एकच वस्तू घराबाहेर आहे. पहिल्या पत्रात नको म्हणालो होतो, ते माघारी.

तुझ्या काकूचा,
इस्राम